आठशे पन्नास वॉटच्या मावशी

हॅलोमावशी पळाल्या नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा उपद्व्याप त्या एका शब्दापायी झाला. अजूनही त्या इमारतीत दोन-चार लोक असे आहेत की ज्यांना वाटतं, बाई उगाच हट्टाला पेटली.

त्या पुलाच्या डाव्या टोकाला वाळूच्या पोत्यांमागे दबा धरून बसल्या होत्या. पूल कॉम्प्युटरमधला, पोती कॉम्प्युटरमधली, शत्रूही कॉम्प्युटरमधलाच. पण तळहाताला सुटलेला घाम खरा होता. समोरून चिलखती गाडी येत होती, मावशींचं बोट बटणावर होतं आणि ऐन मोक्याला कॉम्प्युटर बंद पडला. आवाज नाही, धूर नाही. आत्ता चालू होता, आता नव्हता. तो परत सुरू करून खेळात शिरेपर्यंत पूल गेला होता, सामना गेला होता, आणि हेडफोनमधून कॅप्टन गरुड बाकीच्या दोघांना सांगत होता, "ऑपरेटर पळाली रे. मागच्या वेळीसुद्धा अशीच पळाली होती."

ऑपरेटर म्हणजे मावशी. खेळात प्रत्येकाने एकेक टोपणनाव घ्यायचं असतं. बाकीच्यांनी गरुड, बुलेट, वादळ अशी बाणेदार नावं घेतली, मावशींनी आपला हुद्दा घेतला. एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. समोर भोकांची भिंत आणि हाताशी वायरींचा गुंता. इकडची वायर तिकडच्या भोकात खुपसली की साहेबाला साहेब मिळाला. दार उघडतानासुद्धा "हॅलो" म्हणायची सवय त्यांना तिथेच लागली, त्यावरून इमारतीने त्यांचं बारसं केलं. एकदा भूकंपाचा धक्का बसला तेव्हा मॅनेजरसकट सगळं ऑफिस जिन्यात होतं आणि मावशी बोर्डावर. "लाइन चालू होती," एवढंच कारण त्यांनी नंतर दिलं. अशा बाईला पळाली म्हणायचं! पण त्या गरुडाला हे कुठून माहीत असणार? त्याला तर मावशींची साठी उलटलीय याचाही पत्ता नव्हता. बोर्डावर घासूनपुसून तयार झालेला आवाज तो. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई फार तर तिशीतली असेल.

"गरुडा, मी पळाले नाही. माझा कॉम्प्युटर बंद पडला."

"सगळे असंच म्हणतात," गरुड म्हणाला. "माझं मशीन बघ. आत सात रंगांचे दिवे लावलेत, आजवर एकदा विझलं नाही. हे बघ, शनिवारी पाच वाजता फायनल आहे. परत मधेच गेलीस, तर तुझ्या जागी माझा मेहुणा खेळेल."

मावशींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. अपमान त्यांनी एक वेळ गिळला असता, पण हा मेहुणा काही केल्या घशाखाली उतरेना.

रोग काय आहे ते त्यांना कळलं होतं. मागच्याच महिन्यात त्यांनी मोठ्या हौसेने नवं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं होतं आणि ते निघालं खादाड. कॉम्प्युटरच्या पोटात सगळ्यांना वीज वाटणारा एक ठोकळा असतो, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. मावशींचा ठोकळा जुना आणि बेताचा. लढाईला रंग चढला, कार्डाने आणखी वाढ म्हणून ओरडा केला की तो बिचारा हात वर करायचा. तेव्हा नवा, दणकट ठोकळा आणायचा, चार स्क्रू पिळायचे, संपलं. पण ज्या घरात दादा आहेत त्या घरात कुठलीच गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

दादा म्हणजे मावशींचे थोरले भाऊ. मावशींनी लग्न केलं नाही, त्या दादा-वहिनींजवळच राहत. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून दादा वर्तमानपत्रांच्या संपादकांना पत्रं लिहीत. घरात कॉम्प्युटर एक, त्यामुळे सकाळी दादांची पत्रं आणि संध्याकाळी मावशींची लढाई अशी वाटणी होती. आतल्या डिस्कसुद्धा वाटून घेतलेल्या. जुनी, मोठी, विटेसारखी डिस्क दादांची; तीत त्यांची समग्र पत्रं. नवी, च्युइंगगमच्या पट्टीएवढी, मदरबोर्ड म्हणतात त्या आतल्या मुख्य पाटीवर थेट बसणारी डिस्क मावशींची, तीत खेळ. दादांचं एकही पत्र अजून छापून आलं नव्हतं, पण कधीतरी सगळी एकदम मागवून घेतील आणि पुस्तक काढतील याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"नवा ठोकळा कशाला हवाय?" दादा म्हणाले. "मी पत्रं लिहितो तेव्हा तर कधी बंद पडत नाही."

"तुझ्या पत्रांत रणगाडे नसतात, दादा."

"ते असो. पण मी म्हणतो, या वयात..."

"या वयात काय? तू या वयात रस्त्यातल्या खड्ड्यांवर लिहितोस, मी पूल राखते. तुझी वाट बघत कोणी थांबलेलं नाही. माझी बघताहेत. तीन माणसं. आणि त्यातल्या एकाने मला पळपुटी म्हटलंय."

वहिनी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "वन्सं, आणायचाच तर तुम्ही स्वतः बघून आणा. मागचा मिक्सर यांनी बघून आणला होता."

मिक्सरचा विषय निघाला की दादांना खाली काहीतरी काम आठवतं. ते लिफ्टपाशी गेले आणि तिथे ही बातमी त्यांनी वॉटकाकांच्या कानावर घातली. व्हायचं ते होऊन गेलं.

वॉटकाका तळमजल्यावर राहत. वीज कंपनीच्या मीटर खात्यात जन्म काढलेला माणूस. खिशात पेनाशेजारी टेस्टर, आणि कोणाकडेही गेले की बसायच्या आधी वर बघून दिवा किती वॉटचा आहे ते विचारायचे. शिवाय इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. म्हणजे एकाच अंगात शेजारी आणि सरकार अशी दोन माणसं. कोणतं कधी बोलेल याचा नेम नाही. मावशी चहा गाळत होत्या, तेवढ्यात ते वर हजर झाले.

"ताई, साडेचारशे वॉट रगड झाले," खुर्ची ओढत ते म्हणाले. "त्यावर एक वॉट घेऊ नका."

"कशावरून?"

"अनुभव."

मावशींनी कार्डाची भूक किती, प्रोसेसरची किती, पंख्यांची किती, अशी बेरीज करून, वर अडीअडचणीला थोडं शिल्लक धरून साडेआठशेचा आकडा काढला होता. तो त्यांनी सांगितला. वॉटकाकांनी बशीतला चहा परत कपात ओतला.

"मी येतो बरोबर दुकानात," ते म्हणाले.

"मीही येतो," दादा म्हणाले.

मावशींना कोणीच विचारलं नाही. अशी ही वरात दुकानात पोचली. दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोके, आणि काउंटरवर एक पारदर्शक कॉम्प्युटर ठेवलेला, ज्याच्या आतले पंखे उगाचच हिरवे-जांभळे होत होते. दुकानदाराने तिघांना पाहिलं, त्यातून दादांची निवड केली आणि हसून विचारलं, "बोला काका, कोणता गेम खेळता?"

"मी?" दादा दचकले. "पत्ते. तेही हल्ली सुटलंय."

"पत्त्यांना काय, काहीही चालेल."

"खेळते मी," मावशी म्हणाल्या.

दुकानदाराने खात्री करून घ्यायला वॉटकाकांकडे पाहिलं. वॉटकाकांनी गंभीरपणे मान हलवली. जशी काही मावशींना खेळायची परवानगी तेच देत होते! मावशींच्या कानशिलात सणक गेली. त्यांनी बोर्डावरचा ठेवणीतला आवाज काढला आणि कार्ड कोणतं, प्रोसेसर कोणता, बंद कधी पडतो, पडताना काय होतं, हे सगळं न थांबता सांगून टाकलं. दुकानदार सरळ उभा राहिला. काउंटरवर तीन ठोकळे आले.

पहिल्यातून सगळ्या वायरी बाहेर लोंबत होत्या, त्या काढता येत नव्हत्या. दुसऱ्याच्या अर्ध्या निघत होत्या. तिसऱ्याला वायरच नव्हती. मागे नुसत्या खोबणी, आणि सोबत एका काळ्या पिशवीत सगळ्या वायरी सुट्या. "हा फुल मॉड्युलर," दुकानदार म्हणाला. "ज्या लागतील तेवढ्याच जोडायच्या. नको असलेल्या पिशवीत. आत गर्दी नाही, हवा खेळती राहते."

ज्या लागतील तेवढ्याच जोडायच्या! मावशींनी एकदा दादांकडे पाहिलं, एकदा वॉटकाकांकडे पाहिलं. जगात अशी सोय आहे आणि आपल्याला ती आज कळावी, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. "हाच द्या," त्या म्हणाल्या. "साडेआठशे वॉटचा."

"थांबा," दादा पुढे सरसावले. "वायरी सुट्या म्हणजे माल अर्धवट आहे. उद्या पंखा घेतला आणि पाती वेगळी हातात दिली तर?"

"पंख्याची पाती वेगळीच देतात, काका."

या उत्तराने दादा खवळले. त्यांनी काळी पिशवी काउंटरवर रिकामी केली आणि एकेक वायर उचलून उलटतपासणी सुरू केली. ही कशाची? हिला इतके दात का? ही आखूड का? दुकानदाराने अर्धा चेहरा मावशींकडे वळवला आणि तो म्हणाला, "मॅडम, एक मात्र लक्षात ठेवा..." पुढे तो बरंच काही म्हणाला. एका वेळी दोन लाइनी ऐकण्यात मावशी पटाईत होत्या. पण दुसऱ्या लाइनवर दादा असले की पहिली कोणालाच ऐकू येत नाही. मावशींनी ऐकल्यासारखी मान हलवली. ही मान पुढे त्यांना महागात पडली.

परतीच्या वाटेवर वॉटकाका फक्त एकदा बोलले. "साडेआठशे! ताई, इस्त्री झाली ही." नंतर ते गप्प झाले. वॉटकाका गप्प बसले की ओळखावं, मनात मसुदा चाललाय.

दुसऱ्या दिवशी ते वर आले. आधी शेजारी म्हणून त्यांनी चहा घेतला, मग सेक्रेटरी म्हणून खिशातून पत्र काढलं. 'आपण इमारतीत साडेआठशे वॉटचे उपकरण विनापरवाना आणल्याचे निदर्शनास आले आहे,' अशी त्याची सुरुवात होती.

"निदर्शनास आले?" मावशींचा आवाज चढला. "तुम्ही दुकानात माझ्या शेजारी उभे होतात!"

"तेव्हा मी शेजारीच होतो, ताई. सेक्रेटरीला आज कळलं. पोचल्याची सही करा. आणि शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग आहे, तोवर प्लग लावायचा नाही. तपासणीसाठी एक नमुना न्यावा लागेल. ठोकळा नको, जड आहे. एखादी वायर चालेल."

मावशी सही करायची की तोंडावर दार लावायचं या विचारात होत्या, तोवर दादांनीच पिशवी उघडून एक चपटी, बारीक वायर काढून दिली. "ही न्या," ते उदारपणे म्हणाले. "ही काडीपैलवान. हिच्यावाचून कोणाचं काय अडणार आहे?"

शुक्रवारची मीटिंग खाली पार्किंगमध्ये झाली. घरोघरच्या खुर्च्या आल्या, कोणाचीही कोणाशी जुळत नव्हती. वॉटकाकांनी विषय मांडला आणि लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. साडेआठशे वॉट चोवीस तास इमारत ओढून धरणार, पाण्याचा पंप धापा टाकणार, लिफ्ट दोन मजल्यांमधे लटकणार, असं एकेकाला दिसू लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "पण बाई नक्की करतात काय त्याच्यावर?" दादांनी खाली बघत सांगितलं, "खेळते." हसू पसरलं. मोठ्याने कोणी हसलं नाही, हसून लगेच खोकले. आणि तेच मावशींना जास्त लागलं. आयुष्यभर अख्ख्या कंपनीची लाइन सांभाळली, आणि आज आपण आपल्या घरात प्लग लावायचा की नाही हे लोक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून ठरवणार!

त्या उठल्या. "हॅलो," त्या म्हणाल्या, आणि सगळे आपोआप गप्प झाले. "लिफ्टमध्ये पाटी आहे, आठ माणसांसाठी. बरोबर? मग मी एकटी वर जाते तेव्हा लिफ्ट आठ माणसं घेऊन जाते का? नाही ना? एकालाच घेऊन जाते. तसाच हा ठोकळा. साडेआठशे ही त्याची ऐपत आहे, भूक नाही. लागेल तेवढंच घेणार. आणि आता शेवटचं सांगते. उद्या पाच वाजता मी खेळणार आहे. तुम्ही हो म्हणालात तर हो म्हणून खेळीन, नाही म्हणालात तर नाही म्हणूनही खेळीन. तुमच्या ठरावात काय लिहायचं ते तुम्ही बघा."

दोघा-तिघांनी लिफ्टच्या दाराकडे मान वळवली. मग डॉक्टर म्हणाले, "लिफ्टचं पटतं बुवा." शेवटी प्रायोगिक तत्त्वावर परवानगी द्यायचं ठरलं. खेळाच्या वेळी त्या घरात इस्त्री लावायची नाही आणि सेक्रेटरींनी खाली मीटरसमोर बसून लक्ष ठेवायचं, अशा अटी पडल्या. अटींना अनुमोदन दादांनी दिलं. घरचा माणूस!

शनिवारी सकाळी मावशींनी कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आडवा घातला. वहिनी टॉर्च धरून उभ्या राहिल्या. जुना ठोकळा त्याच्या लोंबत्या वायरींसकट बाहेर आला, तेव्हा आतून इतकी धूळ निघाली की वहिनींनी आधी ओलं फडकं फिरवू का म्हणून विचारलं. मावशींनी हाताला धरून त्यांना थांबवलं. नवा ठोकळा खोबणीत बसला. मदरबोर्डची रुंद वायर बसली, प्रोसेसरची बसली, कार्डाच्या दोन बसल्या. प्रत्येक वेळी खट् असा गोड आवाज यायचा आणि मावशींना जुने दिवस आठवायचे. मग राहिली दादांची डिस्क. तिची वायर पिशवीत नव्हती.

ती चपटी, बारीक, जिच्यावाचून कोणाचं काही अडणार नव्हतं, ती हीच.

वॉटकाकांना हाक गेली. ते बऱ्याच वेळाने आले, हातात वायर होती, पण ती काळी नव्हती, राखाडी होती. "तुमची ड्रॉवरमध्ये कुठेतरी गेली," ते म्हणाले. "ही घ्या, सेम टू सेम. जावयाच्या जुन्या कॉम्प्युटरातली, त्याचीही अशीच सुटी होती. टोकं बघा हवं तर."

मावशींनी टोकं बघितली. तंतोतंत सारखी. आता इथे मावशींच्या जागी दुसरं कोणी असतं तर कदाचित थबकलं असतं. पण मावशी बोर्डावरच्या. बोर्डाचा पहिला धडाच असा की वायर ही वायर असते. कुठलीही उचला, टोक भोकात बसलं की लाइन मिळाली. त्याच धड्यावर त्यांनी जन्मभर पगार घेतला होता. त्यांनी राखाडी वायर लावली. खट् झालं. मावशींनी बटण दाबलं.

तट्ट! पंखा अर्धा फिरला आणि थांबला. एक करपट, कडवट वास टेबलावरून निघाला आणि खोलीभर झाला. दादांनी नाक वर केलं, वास कुठून येतोय ते शोधत टेबलाशी आले आणि आपल्या डिस्कवर वाकले.

"माझी पत्रं," ते म्हणाले.

मावशींनी दुकानात फोन लावला. "दुसरी वायर लावलीत?" दुकानदार कळवळला. "अहो मॅडम, टोकं सारखी दिसतात, पण ठोकळ्याच्या बाजूला आतल्या तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. पाचच्या जागी बारा व्होल्ट शिरले असतील, डिस्क गेली. म्हणून तर मी सांगत होतो, ह्याच पिशवीतल्या वायरी लावा."

"सांगितलंत. मी ऐकलं नाही," मावशी म्हणाल्या. "ठोकळा मेला का?"

"बहुतेक नसेल. असं झालं की तो स्वतःच दार लावून घेतो. ती वायर काढा, थोडं थांबा आणि परत बघा."

फोन ठेवेपर्यंत खोलीत कोर्ट भरलं होतं. वॉटकाका म्हणत होते, मी साडेचारशे सांगितलं होतं. दादा म्हणत होते, सुट्या वायरींचा माल घेऊ नको म्हणून मी घसा कोरडा केला. "बस्स झालं!" दादांचा आवाज कापत होता. "तो ठोकळा आत्ताच्या आत्ता परत नेऊन दे. पूल गेला खड्ड्यात! माझं सगळं आयुष्य होतं त्यात!"

मावशी दादांसमोर बसल्या. दादांचे डोळे भरले होते. छापून येवोत न येवोत, रोज सकाळी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून या माणसाने ती लिहिली होती. "दादा, वायर मी लावली. चूक माझी," त्या म्हणाल्या. "तुझी पत्रं तुला तोंडपाठ आहेत, रोज जेवताना आम्ही ऐकतो. तू सांग, मी बसून टाइप करते. सगळी. पण सहा वाजल्यानंतर. पाच वाजता मला पुलावर जायचंय."

"अजूनही?"

"अजूनही! ठोकळा परत जाणार नाही. मीटिंग भरवलीत, अटी घातल्यात, माझी वायर हरवलीत, मी दुसऱ्याची लावून पोळून घेतलं. झालं ना सगळं? आता कोणी काही सांगायचं उरलंय? मी हा सुट्या वायरींचा ठोकळा घेतला तो ह्याचसाठी. जी वायर घात करते ती ओढून काढायची आणि पुढे चालू पडायचं." त्यांनी राखाडी वायर उपसली आणि वॉटकाकांच्या हातात ठेवली. "ही जावईबापूंना परत. आणि तुम्ही खाली मीटरपाशी जाऊन बसा, ठरावात लिहिलंय."

वॉटकाका मुकाट्याने गेले. मावशींनी थोडा वेळ जाऊ दिला आणि बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा उजळला. मावशींच्या डिस्कला वायर लागतच नव्हती, ती मदरबोर्डवर आपली शाबूत बसली होती. वहिनींनी टॉर्च बंद केला आणि "बाई गं!" म्हणून श्वास सोडला.

पाच वाजता मावशी पुलाच्या डाव्या टोकाला हजर होत्या. "आलीस?" गरुड म्हणाला. "मेहुणा इथेच बसलाय हं, माझ्या शेजारी." मावशींनी बंदूक भरून घेतली. लढाईला तोंड लागलं. घंटा होईपर्यंत पूल राखायचा, एवढंच काम. वहिनी मागे घड्या घालायचं निमित्त करून बसल्या होत्या. दादा रुसून भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि वॉटकाका खालून दादांच्या फोनवर मीटरचे आकडे ओरडत होते. दादांना ते मावशींपर्यंत पोचवावे लागत होते, नाइलाज होता.

चिलखती गाडी परत आली. तीच वेळ, तेच बटण. कार्डाने आणखी वाढ म्हणून ओरडा केला. ठोकळ्याने निमूटपणे वाढलं. गाडी उडाली! मावशींनी खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली, आणि तेवढ्यात पुलाच्या मधोमध उभा असलेला गरुड जागच्या जागी थिजला, मग दिसेनासा झाला.

"गरुड गेला!" बुलेट किंचाळला. "कॅप्टन गेला! आता काय करायचं?"

एका बाजूने शत्रू, दुसऱ्या बाजूने घबराट. हे मावशींना नवीन नव्हतं. बोर्डावर ही रोजचीच परिस्थिती होती. "हॅलो," त्या म्हणाल्या. "लाइन चालू आहे. बुलेट, तू उजवा काठ धर. वादळ, मधे ये. मी सांगेपर्यंत कोणी हलायचं नाही."

"वन्सं, झाडामागे!" वहिनी ओरडल्या. "अहो, झाडामागे आहे मेला!"

मावशींनी झाडामागच्याला टिपलं. दादा कधी उठून खुर्चीमागे आले होते ते कोणालाच कळलं नाही. "तो दुसरा बघ, खालून पोहत येतोय," ते ओरडले. "याला काही कायदा आहे की नाही? सोडू नकोस त्याला! मी लिहिणार आहे याच्यावर!" पोहणाराही गेला. घंटा झाली. पूल जागेवर होता.

"साडेपाचशेच्या वर गेलं नाही," खालून वॉटकाकांचा पडेल आवाज आला. "लिफ्टसुद्धा चालू आहे."

थोड्या वेळाने गरुड परत आला. आवाज उतरलेला होता. "जिंकलो? खरंच? अगं ऑपरेटर, मी पळालो नाही हं, शपथ! माझं मशीन बंद पडलं."

"सगळे असंच म्हणतात," मावशी म्हणाल्या.

"नाही गं, खरंच. ऐन वेळी गेलं. आवाज नाही, काही नाही."

"किती वॉटचा आहे रे तुझा ठोकळा?"

"साडेचारशे," गरुड म्हणाला. "त्यात काल आणखी दिवे लावले."

मावशी हसल्या नाहीत. हसून लगेच खोकणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "सोमवारी दुकानात जा," त्यांनी बजावलं. "एकटा जा. मॉड्युलर घे, आणि वायरी पिशवीतल्याच लाव, कोणी कितीही सेम टू सेम म्हणालं तरी. पुढच्या महिन्यात परत स्पर्धा आहे ना? त्यात मधेच गेलास, तर तुझ्या जागी माझी वहिनी खेळेल."

वहिनींनी हातातली अर्धी घडी पलंगावर ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "वन्सं, बंदूक कोणत्या बटणाने सुटते?"